नापास होण्याची भीती: पुण्यात नव्याने शिकायला आलेल्यांसाठी

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या पंधरवड्यात सगळं सांगणारे भेटतात. कॉट बेसिसवर जागा कुठे मिळेल, कुठल्या मेसमध्ये पोळी गरम असते, अभ्यासिकेत पंख्याखालची खुर्ची कशी पटकवायची, पीएमपीएमएलचा, म्हणजे सिटी बसचा, पास कुठे काढायचा. नापास व्हायची भीती वाटली तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. विचारलंच तर ‘टेन्शन घेऊ नको’ एवढं ऐकायला मिळतं. हा सल्ला आजवर कुणाच्या उपयोगी पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेले, एमपीएससीच्या राज्यसेवा-कंबाइन परीक्षांसाठी सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत उतरलेले, तालुक्याच्या शाळेत पहिले यायचे आणि इथे वर्गात तसेच साठ जण बघून गांगरलेले, अशांसाठी हा लेख आहे. मी बरीच वर्षं शिकवण्याच्या धंद्यात आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. आधी भीती घालवू आणि मग जोमाने अभ्यास करू, असा क्रम बहुतेक जण धरतात, आणि तिथेच वर्ष जातं. भीती भाषणं ऐकून जात नाही. रोज थोडं थोडं चुकायची सवय झाली, चुकून बघितलं, मोजलं, की ती आपोआप मापात येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

पायरी १: भीती कुठे लपलीय ते पकडा

भीती वाटते म्हणजे हातपाय कापतात, असं नाही. बऱ्याचदा ती भारी मेहनती दिसते. टेस्ट सिरीजचे पैसे भरलेत, पण एकही पेपर दिलेला नाही, कारण ‘अजून सिलॅबस कुठे झालाय’. राज्यशास्त्राचं एक पुस्तक अर्धं झालं की दुसरं कुणीतरी चांगलं म्हणतं, मग पुस्तकांच्या दुकानांसाठी अप्पा बळवंत चौकात एक फेरी होते आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात. नोट्सना तीन रंगांचे हायलायटर लागलेत. अभ्यासिकेत बारा तास बसणं होतं आणि त्या बारा तासांत ‘तुला हे येतं का?’ असं विचारणारं काहीही समोर येत नाही. इंजिनिअरिंगवाला असेल तर इनसेमच्या, म्हणजे सत्रामधल्या चाचणीच्या, आदल्या रात्रीपर्यंत पुस्तक उघडत नाही आणि पेपरहून आल्यावर ऐटीत सांगतो, ‘मी तर न वाचताच गेलो होतो.’

या शेवटच्या वाक्याचा अभ्यास झालेला आहे. स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना सुटण्यासारखे नसलेले प्रश्न दिले आणि तरी ‘छान सोडवलेत’ असं सांगितलं. आपण कशामुळे पास झालो ते त्यांना कळेना. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं, एक बुद्धी तल्लख करणारं आणि दुसरं मंद करणारं, असं सांगून. नशिबाने पास झाल्यासारखं वाटणाऱ्यांतल्या अनेक पुरुषांनी मंद करणारं औषध निवडलं. उद्या आपटलो तर औषधाकडे बोट दाखवता येईल, ही सोय. न वाचता पेपरला जाणं हे त्याच औषधाचं आपल्याकडचं रूप. ‘अभ्यास केला असता तर झालो असतो’ हे वाक्य शाबूत ठेवण्यासाठी माणूस आख्खं सेमिस्टर देतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे मागच्या पंधरा दिवसांत आपण कशाकशाला टाळाटाळ केली, तेवढं एका कागदावर लिहा. कारणं लिहू नका, फक्त यादी. दिला नाही तो पेपर, सरांना विचारली नाही ती शंका, भरला नाही तो फॉर्म, बघितले नाहीत ते मार्क.

पायरी २: नेमकं कशाला घाबरता?

‘नापास व्हायला’ हे उत्तर फार ढोबळ झालं. डेव्हिड कॉनरॉय या अमेरिकी संशोधकाने अपयशाच्या भीतीचे पाच धागे वेगळे केले आहेत. लाज वाटेल ही भीती. मुळात आपल्यात दमच नाही असं सिद्ध होईल ही भीती. पुढचं सगळं अधांतरी होईल ही भीती. ज्यांचं मत आपल्याला मोलाचं वाटतं त्यांना आपल्यात रस उरणार नाही ही भीती. आणि त्याच माणसांना वाईट वाटेल, ती दुखावतील, ही भीती.

यातली तुमची कुठली, हे ठरवा. एक किंवा फार तर दोन. याचं उत्तर महत्त्वाचं, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. वडिलांना वाईट वाटेल म्हणून जी मुलगी झोपत नाही, तिला टाइमटेबल बदलून काही फरक पडत नाही. तिला पायरी ७ आधी वाचायला हवी. भविष्याचं काय, हा ज्याचा प्रश्न आहे त्याला पायरी ३ लागेल. आणि ‘माझ्यात दमच नसेल तर?’ हा प्रश्न ज्याला छळतो, त्याचं उत्तर फक्त पायरी ४ आणि ५ मध्ये आहे. बाकी कुणीही, अगदी आईनेसुद्धा, ‘तू हुशार आहेस रे’ म्हटलं तरी ते त्याला पटणार नाही.

पायरी ३: नापास झालोच तर, याचा हिशेब मांडा

ही पायरी लोक टाळतात. ‘असलं अभद्र बोलू नये’ असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण न मांडलेला हिशेब रात्री दोन वाजता आपणहून मांडला जातो, आणि त्या वेळेचे आकडे नेहमी फुगलेले असतात. म्हणून दिवसाउजेडी बसा, वहीचं एक पान घ्या.

आधी पैसे. खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, अभ्यासिका, क्लासची फी, गावी जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं. महिन्याचा खरा आकडा काढा आणि आणखी एक वर्ष लागलं तर किती, ते लिहा. मग वेळ. परीक्षा पुन्हा कधी देता येते, याची खरी माहिती काढा. ही माहितीच पुष्कळ हवा काढून घेते. दहावी-बारावीला पुरवणी परीक्षा असते, त्याच वर्षी. इंजिनिअरिंगला एखादा विषय राहिला तर नियमात बसत असेल तोवर एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षाला जाता येतं. किती विषयांपर्यंत चालतं, हे तुमच्या कॉलेजच्या आणि तुमच्या पॅटर्नच्या नियमात बघा, सिनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. स्वायत्त कॉलेजांचे नियम वेगळे असतात. यूपीएससीला खुल्या गटातून ३२ वर्षांपर्यंत सहा अटेम्प्ट मिळतात. म्हणजे दार बंद होतं ते कधी, याची तारीख काढता येते.

मग पर्याय, आणि इथे स्पर्धा परीक्षेवाल्यांशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. प्लॅन बी ठेवला की जिद्द कमी होते, असं शास्त्री रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांवर छातीठोकपणे सांगितलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. ज्याला मागे काहीच दिसत नाही, तो पेपरमध्ये साध्या प्रश्नालाही थरथरतो. उलट ‘अमुक तारखेपर्यंत पूर्ण वेळ, त्यानंतर नोकरी धरून अभ्यास, आणि तमुक वर्षी थांबायचं’ असं ज्याने आज, डोकं शांत असताना लिहून ठेवलंय, त्याचं मन अभ्यासात लागतं. ती तारीख निकालाच्या दिवशी ठरवायची नसते. पदवीनंतर हाताशी असलेलं एखादं कौशल्य, शिकवणी, सरळसेवेच्या इतर परीक्षा, बापाचं दुकान, काहीही असो, ते नावानिशी लिहा.

शेवटी, यातलं आपल्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, असे दोन रकाने पाडा. तुम्ही रोज कर्वे रोडने जात असाल. ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे ते धोंडो केशव कर्वे पोरवयात कोकणातल्या मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, परीक्षा द्यायला. परीक्षेला वयाची १७ वर्षांची अट होती. अंगकाठी लहान, वय तेवढं दिसेना, म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १८९१ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, हा भाग सगळे सांगतात. मला त्यातला साताऱ्याचा भाग कामाचा वाटतो. चालत जाणं त्यांच्या हातात होतं, उंची नव्हती. जाहिरात लांबणं, परीक्षा पुढे जाणं, पेपर अचानक अवघड निघणं, हे सगळं त्या उंचीच्या रकान्यात टाका.

पायरी ४: परीक्षा जवळ ओढा

वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा असेल तर ती राक्षसासारखीच वाटणार. रोज एक छोटी परीक्षा असेल तर मोठीचा बाऊ राहत नाही.

याला अभ्यासाच्या दृष्टीनेही भक्कम आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र फिरलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी की आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. भीती माणसाला नेमकी या वाचणाऱ्या गटात नेऊन बसवते. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, बरं वाटतं. पुस्तक मिटून लिहायला बसलं की बोंब होते. ती बोंब आज, खोलीत, कुणी बघत नसताना व्हायला हवी.

करायचं काय ते सांगतो. धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या पानावर आठवेल तेवढं लिहा. पाच ओळी आठवल्या तर पाच. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासाला बसताना आधी कालच्या धड्यावरचे दहा प्रश्न, नवीन वाचन त्यानंतर. रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर. राज्यसेवा-कंबाइनचे मागचे पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, इंजिनिअरिंगचे सिनियरकडे नाहीतर कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे हमखास मिळतात. इंजिनिअरिंगला विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये बहुतेक लेखी विषयांना सत्राअखेरचा पेपर ७० गुणांचा आणि त्याआधीचे ३० गुण सत्रादरम्यानचे. मग त्या ३० मधल्या चाचण्या तालीम म्हणून वापरा, न वाचता जाऊन वाया घालवू नका.

सुरुवात कधी करायची? सिलॅबस पूर्ण व्हायच्या आधी. पहिल्या पेपरला शंभरात तीस पडले तर पडू द्या. आज तुमची रेघ कुठे आहे, तेवढंच त्यातून कळतं, आणि ‘माझ्यात दम आहे का’ या पोकळ प्रश्नाच्या जागी ‘भूगोल कच्चा आहे’ असा कामाचा प्रश्न येतो.

पायरी ५: चुकांची वही

सगळ्या पायऱ्यांत एकच करणार असाल तर ही करा. दोनशे पानी साधी वही, लाँगबुक. प्रत्येक पेपरनंतर चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात जातो, पण फक्त बरोबर उत्तर लिहून भागत नाही. का चुकलं, ते लिहायचं. कारणं चारच निघतात. माहीतच नव्हतं. माहीत होतं, आठवलं नाही. प्रश्न नीट वाचला नाही. येत होतं, पण घाबरून सोडलं किंवा बदललं.

एक पान असं दिसतं. ‘प्र. ४३. खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे? मला योग्य विधान सापडलं आणि घाईत तेच रंगवलं. कारण ३.’ ‘प्र. ५८. घटनादुरुस्तीचा क्रमांक. ४२ लिहिलं होतं, खोडून ४४ केलं. आधीचं बरोबर होतं. कारण ४.’ एम-थ्रीवाल्याच्या, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित असलेल्याच्या, वहीत असं येईल: ‘लाप्लास. पद्धत बरोबर. पार्शल फ्रॅक्शनमध्ये उणे चिन्ह गाळलं, पुढचं सगळं गेलं. कारण ३.’ ‘सिली मिस्टेक’ असा शेरा या वहीत चालणार नाही. तो मारला की माणूस सुटतो आणि तीच चूक पुढच्या पेपरला पुन्हा हजर होते.

पाच-सहा पेपर झाले की कारणं मोजा. बहुतेकांना धक्का बसतो. ‘मला काहीच येत नाही’ असं वाटणाऱ्या कितीतरी जणांच्या वहीत ‘कारण १’ च्या बरोबरीने तीन आणि चार नंबर भरलेले असतात. ज्याचा तीन नंबर जास्त, त्याने प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘फक्त’, ‘वगळता’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावावी. ज्याचा चार नंबर जास्त, त्याच्यासाठी गणित.

निगेटिव्ह मार्किंगची दहशत इतकी असते की दोन पर्यायांपर्यंत आलेला मुलगाही प्रश्न सोडून देतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीच्या उत्तराला पाव भाग म्हणजे अर्धा गुण वजा. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलंय आणि उरलेल्या दोघांत गोंधळ आहे, असे दहा प्रश्न घ्या. सगळे सोडले तर शून्य. सगळे रंगवले तर सरासरीने पाच बरोबर, पाच चूक: दहा वजा अडीच, साडेसात गुण. यूपीएससीला एकतृतीयांश वजा होतात, तरी तिथेही याच हिशेबाने साडेसहाच्या वर गुण हाती लागतात. कट-ऑफ एका-दोन गुणांनी हुकल्याच्या कहाण्या पेठेत घरोघरी आहेत. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तेव्हा मात्र सोडून द्या. तिथे राज्यसेवेत नावापुरता फायदा आणि यूपीएससीत सरासरीने काहीच नाही, आणि डोक्याला ताप वेगळा. हे गणित नुसतं वाचून हात थरथरायचा थांबत नाही. पुढच्या चार सराव पेपरांत दोन पर्यायांवर आलेले प्रश्न मुद्दाम रंगवा, त्यांच्यापुढे बारीक खूण करा आणि नंतर त्यांचाच वेगळा हिशेब काढा. स्वतःचा आकडा दिसला की विश्वास बसतो. तो वजा निघाला तर पर्याय बाद करण्याची तुमची पद्धत चुकतेय, तेही कळलं.

पायरी ६: नकार ऐकायचा सराव

ज्यांची भीती मुख्यतः लाजेची आहे, त्यांच्यासाठी. अल्बर्ट एलिस हे पुढे विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक म्हणून नावाजले. महाराष्ट्रात ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. हे एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड लाजायचे. त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली कुणी दिसली की शेजारी जाऊन बोलायचं. महिन्याभरात शंभर जणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, कुणी मारलं नाही, आणि त्यांची लाज गेली. आजच्या काळात बागेत अनोळखी मुलींना गाठायचा उद्योग कुणी करू नये, हे सांगायची गरज नसावी. घ्यायचा तो मुद्दा सरावाचा.

आणि नकार ऐकायचा सराव करायला पुण्याइतकं सोयीचं शहर नाही. दुकानात ‘याच्यात दुसरा रंग दाखवता का?’ विचारा. लायब्ररीत न सापडणारं पुस्तक काउंटरवर मागा. वर्गात हात वर करून ‘सर, हे कळलं नाही’ म्हणा. ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फायद्याची. मागच्या बाकावरचे हसतील म्हणून जी शंका गिळली जाते, ती बहुधा त्यांनाही असते. इंग्रजीतून बोलताना अडखळणारी मुलं सेमिनारला उभीच राहत नाहीत. त्यांनी आधी तीन मित्रांसमोर, मग प्रॅक्टिकलच्या बॅचसमोर बोलावं. आठवड्याला एक प्रसंग पुरे.

पायरी ७: घरचा फोन

‘काय रे, कसा चाललाय अभ्यास?’ ‘चाललाय बरा.’ ‘जेवलास का?’ ‘हो.’ रविवारचे बहुतेक फोन इथेच संपतात. दर वेळी ‘बरा’ म्हटलं की निकालाचा दिवस घरच्यांसाठीही धक्का ठरतो, आणि तो धक्का आपण देणार या विचाराने पोरगं आतून पोखरत राहतं.

त्याऐवजी आकडे सांगा. ‘पप्पा, या आठवड्यात दोन पेपर सोडवले. एकात ४२ टक्के, एकात ४८. अर्थशास्त्र कच्चं आहे, आता तेच घेतोय. यंदाची पूर्व निघेलच असं नाही, पण मागच्या महिन्यापेक्षा बरं आहे.’ पहिल्यांदा पलीकडे शांतता पसरेल. तरी सांगा. पेरणी वाया जाऊन दुबार पेरणी केलेल्या माणसाला ‘यंदा नाही झालं’ हे वाक्य तुमच्या अंदाजापेक्षा लवकर कळतं. त्याला न कळणारी गोष्ट म्हणजे वर्षभर ‘बरा’ आणि मग एकदम फोन बंद. पैशाचं बोलणंही इथेच करा, पायरी ३ मधलं पान हातात घेऊन. शक्यतो समोरासमोर, दिवाळीला गेलात की.

लग्नात ‘लागला का मग निकाल?’ विचारणाऱ्या काकांसाठी एक वाक्य तयार ठेवा, ‘अजून चालू आहे, लागला की पेढे घेऊन येतो’, आणि पंगतीला जा. त्यांना तुमचं वेळापत्रक समजावत बसायची गरज नाही.

या टप्प्यावर एक गंभीर गोष्ट. झोप आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, खोलीबाहेर पडवत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर या लेखातल्या पायऱ्या बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट चालतो, मराठीतही बोलता येतं. ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रूममेट असा दिसत असेल तर त्याला एकटं सोडू नका, थेट विचारा, आणि त्याच्या घरी कळवा. मैत्री तुटेल म्हणून गप्प बसू नका.

पायरी ८: आदली रात्र आणि हॉल

इथे फार सांगण्यासारखं नाही. केंद्र लांब असेल, वाघोली किंवा निगडीकडे, तर आदल्या दिवशी जाऊन बघून या. रात्री नवीन काही उघडू नका, चुकांची वही चाळा, झोपा. परीक्षेआधी दहा मिनिटं, मनात जी भीती आहे ती कागदावर भडाभडा लिहून काढली तर घाबरट विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात, असं जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं. सगळ्यांना सारखाच उपयोग होतो असं नाही, पण खर्च एका कागदाचा. सराव पेपरला करून बघा, मानवलं तर ठेवा. हॉलमध्ये डोकं सुन्न झालं तर पेन खाली ठेवून पाच-सहा श्वास घ्या, सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावत, आणि पान उलटून येणाऱ्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करा.

पायरी ९: निकाल

स्पर्धा परीक्षेत निकालाआधी उत्तरतालिका येते. पहिली आली की त्या संध्याकाळी शास्त्री रोडवर प्रत्येक टपरीपाशी कट-ऑफचे अंदाज सुरू होतात, आणि ज्याचे गुण सगळ्यात जास्त त्याचा आवाज सगळ्यात मोठा. तिथे जाऊ नका. खोलीत बसून एकदा गुण मोजा, एखादं उत्तर खरोखर चुकीचं वाटत असेल तर मुदतीत पुराव्यासह हरकत नोंदवा, आणि दुसऱ्या दिवशी वहीत पेपर उतरवा. अंतिम उत्तरतालिकेत उत्तरं बदलतात, प्रश्न रद्द होतात, तेव्हा टपरीवरच्या अंदाजांना तसाही अर्थ उरत नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेत विषय गेला तर पहिले दोन दिवस काही ठरवू नका; कॉलेज सोडायचं, ब्रँच बदलायची, गावी जायचं, यातलं काहीही नाही. टेकडीवर जा, झोपा, मित्राकडे जेवा. तिसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करा. याला मुदत असते आणि रडण्यात ती निघून जाते. फोटोकॉपी हातात आली की विषय शिकवणाऱ्या सरांपुढे किंवा मॅडमपुढे ठेवा, न तपासलेलं पान किंवा चुकलेली बेरीज दिसली तर रिव्हॅल, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, टाका, नाहीतर पैसे वाचवा. दोन्ही बाबतींत ती फोटोकॉपी चुकांच्या वहीला लावा आणि प्रत्येक कापलेल्या गुणापुढे कारण एक ते चारपैकी आकडा घाला. बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा, फॉर्म भरायची शेवटची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागते. मोबाइलमध्ये तिच्या चार दिवस आधीचा गजर लावून ठेवा.